बोकड नुसत्या चाऱ्यावर तयार होतो, पण तो चारा गोठ्यापर्यंत कोण आणतं?

तुम्ही भूम तालुक्यातले, पुण्यातली नोकरी सोडून गावी आलात. पाच एकर जमीन, त्यातली निम्मी मुरमाड, एक बोअर, आणि डोक्यात १००+५ चा (शंभर शेळ्या, पाच बोकड) बंदिस्त शेळीपालन प्रकल्प. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिझेल, वीज आणि पशुखाद्याचं पुढच्या दहा-पंधरा वर्षांत काय होईल याचा भरवसा नाही, अमेरिकेत काही जण मका न घालता निव्वळ गवतावर मांसाची जनावरं तयार करतात, तसे आपले बोकड खुराकाशिवाय, म्हणजे दाणा-पेंडीशिवाय, तयार होतील का, आणि झाले तर परवडतील का?

होतात. माझ्याकडे दरवर्षी होतात. पण तुमच्या एका प्रश्नात दोन गुंतलेत. शेळीच्या पोटात काय जातं, चारा की दाणा, हा पहिला. ते तिच्या तोंडापर्यंत कोण नेतं, हा दुसरा. इंधनाची काळजी असेल तर दुसराच मोठा, आणि तो तुम्ही विचारलेला नाही.

मी तुळजापूरकडची. २००४ पासून उस्मानाबादी शेळ्या सांभाळते. कधी पंधरा होत्या, कधी सत्तर, सध्या बेचाळीस माद्या आहेत. मधली सहा वर्षं पूर्ण बंदिस्त करून पाहिलं, आता अर्धबंदिस्त आहे. पुढचे आकडे माझ्या माळावरचे आहेत. तुमच्या बोअरला एप्रिलमध्ये किती पाणी असतं, बँकेचा हप्ता किती आणि शेरडांमागे जायला घरात कोण आहे, या तीन गोष्टींवर ते वर-खाली होतील.

आधी अमेरिकेचं, कारण तिकडच्या व्हिडिओंनी बऱ्याच जणांचा गोंधळ केलाय. तिकडे बहुतेक गोऱ्हे आधी गवतावर वाढतात आणि शेवटचे चार-सहा महिने फीडलॉटमध्ये, म्हणजे दाण्यावर पोसायच्या वाड्यात, मका खाऊन चरबी धरतात. गवतावरच तयार करणारे हा शेवटचा टप्पा वगळतात. त्यामुळे जनावर तयार व्हायला कित्येक महिने जास्त लागतात आणि ते हलकं भरतं. आपल्याकडे २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, तेव्हा म्हशीचं सोडलं तर मांसाचा विचार शेळी-मेंढीपाशी येऊन थांबतो. आणि गंमत अशी की आपल्याकडे बहुतेक खेड्यांत बोकड अजूनही गवत-पाल्यावरच वाढतो. खुराक ही बंदिस्त पालनाबरोबर आलेली गोष्ट आहे. तिकडचे लोक जिथे परत जायचं म्हणतात, तिथून आपण अजून पुरते निघालेलो नाही.

आता तुमचा आराखडा. १०५ जनावरांना दिवसाला चार-चार किलो हिरवा चारा धरला तर रोजचे सव्वाचारशे किलो, वर्षाचे दीडशे टन. करडं यात धरलेली नाहीत. संकरित नेपिअर गवताच्या जाहिरातीत एकरी दीडशे-दोनशे टनांचे आकडे असतात. माझ्याकडे चांगल्या वर्षी, वेळेवर पाणी देऊन, साठच्या आसपास निघाला. म्हणजे तुमच्या पाचातले अडीच-तीन एकर नेपिअरखाली, तेही बारमाही पाण्याचे. बालाघाट डोंगराच्या कडेला एका बोअरवर हे होणार नाही, हे तुम्हालाही माहीत असेल. १००+५ हा आकडा आला कुठून? राष्ट्रीय पशुधन अभियानात भांडवलावर ५० टक्के अनुदान तिथून सुरू होतं म्हणून. अनुदानाच्या गटानं कळप ठरवायचा आणि मग त्याला चारा शोधत फिरायचं, यात बुडालेले चार तरी गोठे मी जवळून पाहिलेत. पत्रे शिल्लक राहतात.

पाणी मिळालंच असं धरून ऊर्जेचा हिशेब करू. पाच एचपीची मोटर तासाला साधारण पावणेचार युनिट खाते. एकराला सात तास, वर्षात बावीस पाळ्या, तीन एकर: सतराशे युनिटच्या आसपास. तुम्ही ज्या कडबाकुट्टीच्या विजेची काळजी केलीत ती दोन एचपीची मोटर रोज तासभर चालली तरी वर्षाला साडेपाचशे युनिट. ते बिल मोठं नाही, आणि वीज गेली तर कोयता आहे, हातकुट्टी आहे. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे, त्यामुळे मोटरही अनेकांना फुकट वाटते. पण बिल माफ झालं तरी वीज रात्री यायची ती रात्रीच येते, जळालेली मोटर बांधून घ्यायला पैसे लागतात आणि पाण्याची पातळी कुठल्याच योजनेत माफ होत नाही. सौरपंपानं रात्रीचं जागरण सुटतं, हे मात्र खरं.

तुमच्या यादीत नसलेली गोष्ट म्हणजे युरिया. नेपिअरला प्रत्येक कापणीनंतर एकरी अर्धी गोणी, वर्षात सात कापण्या, तीन एकर: दहा-अकरा गोण्या. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो, आणि त्या वायूचा मोठा भाग जहाजातून येतो. एक टन युरिया करायला आपल्या कारखान्यांत साधारण सहा गिगाकॅलरी ऊर्जा लागते. ४५ किलोच्या गोणीला भागाकार केलात तर तीसेक लिटर डिझेलइतकी ऊर्जा एका गोणीत भरते. आपण ती पावणेतीनशेच्या आत घरी आणतो कारण उरलेले पैसे सरकार भरतं. उद्या सरकारला ते जड झालं, किंवा २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धात झालं तसं जगात वायू महागला, तर तुमचा ‘नुसता हिरवा चारा’ही हलेल. म्हणून दाणा बंद केला की इंधनापासून सुटलो, असं समजू नका. पाण्यावरचा, युरियावरचा, ट्रॅक्टरनं वाहिलेला नेपिअर म्हणजे हिरव्या रंगाचं डिझेलच.

खुराकाचं दुखणं वेगळं. मका आता पेट्रोलला बांधला गेलाय. डिसेंबर २०२३ मध्ये पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल उसाच्या रसापासून करण्यावर केंद्रानं बंधनं आणली आणि डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या. २०२४ मध्ये कोंबडीवाल्यांनी भावावरून ओरड केली ती आठवत असेल. पुढे पीक वाढलं तसा भाव हमीभावाच्या खालीही घसरला. भाव चढेल की पडेल हे मी सांगणार नाही. मुद्दा एवढाच की तुमच्या गव्हाणीतल्या मूठभर भरड्याचा दर आता दिल्लीतल्या इंधन धोरणावर ठरतो. इथेनॉल काढल्यावर उरलेला डीडीजीएस नावाचा चोथाही स्वस्तात विकायला येतो. त्यात प्रथिनं चांगली असतात, पण मक्याला बुरशी असेल तर तिचं विष चोथ्यात आणखी दाट होतं. ओलसर वास आला तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. गाभण शेळीला तर नकोच.

मग चारा आणायचा कुणी? शेळीनं स्वतः. चार पाय आहेत, डिझेल लागत नाही, उतारावर, बांधावर, काट्यात जाते, सगळ्यांत पौष्टिक शेंडा निवडून खाते आणि जाताना लेंडीखत टाकून येते. कापणं, वाहणं, कुट्टी करणं, टाकणं, शेण उचलणं आणि ते पुन्हा शेतात नेणं ही सगळी कामं बंदिस्त गोठ्यात आपण पैसे देऊन करून घेतो. आपल्याकडचे धनगर हेच पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत: मेंढरं चालत चाऱ्याकडे जातात, रात्री शेतात बसवतात आणि शेतकरी त्या खताबद्दल धान्य नाहीतर पैसे देतो.

अडचण माणसाची आहे, आणि ती खरी आहे. आज शेरडं राखायला कुणी तयार नाही. गावात त्याला मान नाही, लग्न जुळत नाही. वनखात्याच्या कुरणात बंदी, गायरानावर अतिक्रमण, मोकाट कुत्री, आणि आता काही भागांत बिबट्या. मी पूर्ण बंदिस्त केलं ते शास्त्र वाचून नव्हे. राखणारा मुलगा पुण्याला कंपनीत लागला म्हणून. सहा वर्षांत मजुरी आणि खुराक यांत नफा गेला, तेव्हा परत फिरले. आता सकाळी चार तास चराई, उरलेला वेळ गोठ्यात. दीड एकर माळाला मी काटेरी कुंपण घालून तीन भाग केलेत आणि शेळ्या भाग बदलत फिरवते. मागे फिरणारा माणूस त्यामुळे निम्मा लागतो. तुमची अडीच एकर मुरमाड जमीन तुम्ही ‘पडीक’ म्हणून सोडून दिलीत. माझ्या मते तोच तुमचा प्रकल्प आहे.

तिथे काय लावाल? झाडं. शेळी मुळात पाला खाणारी, गवत ती नाइलाजानं खाते. बांधावर आणि कुंपणाला शेवरी, हादगा, सुबाभूळ. खडकाळ जागी अंजन, बोर, बाभूळ. मधल्या जागेत मारवेल आणि धामण गवत. शेवरी-सुबाभूळ द्विदल आहेत, हवेतला नत्र स्वतः घेतात, म्हणजे युरियाची गोणी नको. मुळं खोल गेली की दोन वर्षांनी पाणीही मागत नाहीत. नेपिअरमध्ये आठ-दहा टक्के प्रथिनं, सुबाभळीच्या पाल्यात वीसच्या वर. खुराकातून तुम्ही जे विकत आणता, त्यातलं निम्मं बांधावर उभं करता येतं. एक सावधगिरी: सुबाभळीत मायमोसिन असतं, त्यामुळे एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर ती देऊ नका, नाहीतर केस गळतात, वजन थांबतं. आणि शेंगा पिकून बी पडू देऊ नका, शेजारी आयुष्यभर शिव्या देईल.

वाळल्या चाऱ्यात कडब्याच्या मागे लागू नका. तुमच्या भागात खव्याच्या भट्ट्या, म्हणजे म्हशी, म्हणजे कडब्याचा शेकडा आधीच चढा. शिवाय शेळी कडब्याची ताटं अर्धी टाकून देते. तुरीचं भुसकट, हरभऱ्याची गुळी, सोयाबीनची गुळी हे शेळीचं खाणं. मळणीच्या दिवसांत लोक बांधावर पेटवून देतात, तेव्हा उचला; मार्चमध्ये तेच विकत मिळणार नाही. खरिपात पावसावरच्या मक्याचा दोन गुंठ्यांचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) केलात तर उत्तम, कारण पावसाचं पाणी तुम्ही मोटर न लावता मे महिन्यासाठी साठवून ठेवलं. बुरशी लागलेला थर मात्र फेका, त्यानं शेळी मान वाकडी करून गोल फिरायला लागते.

आता परवडण्याचं. चाऱ्यावर तयार करताना तुम्ही दाण्याऐवजी वेळ खर्च करता. माझ्या वहीत खुराकावरचा बोकड दहाव्या महिन्यात २८ किलोच्या आसपास होता. तेवढंच वजन माळावरच्या बोकडाला तेरा-चौदा महिन्यांनी येतं. रोज पाव किलो खुराक सहा महिने म्हणजे ४५ किलो, तीस रुपयांनी साडेतेराशे रुपये. ते वाचतात, पण तीन-चार महिने जास्त सांभाळावं लागतं, तेवढी मरतुकीची जोखीम वाढते आणि पैसा उशिरा हातात येतो. स्वतःचा माळ आणि कर्ज नाही, तर उशिराचा काही तोटा नाही. दर तिमाहीला हप्ता असेल तर चाऱ्यावरचा बोकड तुम्हाला थांबायला लावेल आणि बँक थांबू देणार नाही. हा अडसर चाऱ्यापेक्षा मोठा आहे, म्हणून शेडवर कर्ज काढू नका, असं मी प्रत्येकाला सांगते.

हंगामही जुळवावा लागतो. पहिल्या पावसाच्या आगेमागे मे-जूनमध्ये शेळ्या फळवल्या की पाच महिन्यांनी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, करडं येतात. तेव्हा हिरवं भरपूर असतं, आईला दूध असतं. उन्हाळ्यात करडं खुंटतात आणि नवखे लोक घाबरून तेव्हाच खुराक ओततात. थोडं थांबा. फार खंगू दिलं नसेल तर तेच करडू जुलै ते ऑक्टोबरमध्ये अशी झेप घेतं की उन्हाळ्यातली कसर भरून काढतं. दिवाळीला वर्षाचं होतं, अंगानं भरलेलं असतं. चाऱ्यावरचा बोकड विकायची खरी वेळ तीच, दिवाळीपासून पुढे.

पण सगळ्यांना बकरी ईदचा भाव हवा असतो. कुर्बानीला बोकड वर्षाचा पूर्ण लागतो, गिऱ्हाईक दोन दाती मागतं. ईद २०२४ ला १७ जूनला होती, २०२५ ला ७ जूनला, आणि दरवर्षी ती दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येते. म्हणजे आतापर्यंत दिवाळीला तयार झालेला बोकड सात-आठ महिने, तेही भर उन्हाळ्यातून, टिकवून न्यावा लागायचा. तिथे खुराकाशिवाय चालत नाही, माझंही चाललं नाही. २०३० ला ईद एप्रिलच्या मध्याकडे असेल, २०३३ ला मार्चमध्ये. दिवाळीपासूनचा पल्ला निम्म्यावर येईल आणि रब्बीची गुळी ताजी असेल. चाऱ्यावर बोकड तयार करणाऱ्याला पुढची आठ-दहा वर्षं दरवर्षी थोडी सोपी होत जाणार आहेत. हा हिशेब मी अजून कुणाच्या प्रकल्प अहवालात पाहिलेला नाही.

माझी चूकही सांगते. २०१८ चा पाऊस ऑगस्टनंतर गेला. दिवाळीला गंजी मोजली असती तर चारा फेब्रुवारीपर्यंतच पुरणार हे दिसत होतं. मी मोजली नाही. शेळ्या चांगल्या होत्या, जीव होत नव्हता. मार्चमध्ये सगळा तालुका विकायला निघाला तेव्हा मीही बाजारात उभी होते, सत्तरातल्या एकोणतीस घेऊन, निम्म्या भावात. चारा छावण्यांचा भर मोठ्या जनावरांवर होता, शेरडांना कोण विचारतो. तेव्हापासून लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे चारा मोजायचा नेम आहे: जनावरामागे रोज एक किलो वाळलं, २१० दिवस. बसत नसेल तेवढी जनावरं देवदिवाळीच्या आत जातात. पाऊस हीच चाऱ्याची एकमेव ऊर्जा ठेवलीत तर कळप पावसाप्रमाणे लहान-मोठा करावाच लागतो.

आजारांत दोनच गोष्टी, बाकी तुमचे पशुवैद्यक सांगतील. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचा, आणि पहिलं कोवळं गवत आलं की आठवडाभर रोज सकाळी आधी वाळलं खाऊ घालून मगच बाहेर सोडा. एका जुलैत मी हे चुकवलं आणि तीन दिवसांत सगळ्यांत गुबगुबीत पाच करडं गेली. दुसरं, चरणाऱ्या शेळीला जंत होतात. सगळ्यांना सरसकट औषध पाजण्यापेक्षा खालची पापणी उलटून बघा. पांढुरकी असेल तिलाच द्या, नाहीतर काही वर्षांनी औषध लागूच पडत नाही.

आतापर्यंतचं एकत्र बांधते. बोकड चाऱ्यावर तयार होतो, उशिरा होतो. चारा पाणी-युरिया-ट्रॅक्टरचा असेल तर इंधनाची टांगती तलवार तशीच राहते. झाडांचा आणि माळाचा असेल तर बरीचशी उतरते. खुराक मी शून्य केलेला नाही. घरची बाजरी, तुरीची चुनी, बाभळीच्या शेंगा एवढ्यावर गाभणीचा शेवटचा महिना आणि विक्रीआधीचे पंचेचाळीस दिवस काढते. माझी कसोटी अशी की बाजारातलं पोतं वर्षभर आलं नाही तरी कळप जगला पाहिजे. पोत्यानं फार तर तयार व्हायचा वेग वाढावा.

तुमच्या जागी मी असते तर या जूनमध्ये एकही शेळी आणली नसती. मुरमाड अडीच एकराला कुंपण, आतून शेवरी-सुबाभळीच्या दोन ओळी, मारवेलची ठोंबं, आणि चांगल्या जमिनीत दहा गुंठे नेपिअर, त्यापेक्षा जास्त नाही. पुढच्या दिवाळीला पंधरा पाटी (अजून न व्यालेल्या तरण्या शेळ्या) आणि लांबच्या कळपातला एक बोकड, पाटी शक्यतो तुमच्याच भागातल्या, चरायची सवय असलेल्या. पहिलं वर्ष सकाळी चार तास तुम्ही स्वतः मागे फिरा. कोणतं झाड त्यांना आवडतं, कुठे पाणी साचतं, कुठल्या बांधावर भांडण होतं हे दुसरं कुणी सांगणार नाही. पंधराच्या तीस झाल्या आणि मे महिन्यात गंजीला हात न लागलेला कोपरा उरला, तर पन्नासचं बोलू. बोअरचा एप्रिलमधला अंदाज आणि गायरान किती लांब आहे तेवढं कळवा, म्हणजे झाडांच्या ओळी कुठल्या बाजूनं घ्यायच्या ते सांगते.